अकराशे बेचाळिसावा फॉन्ट

"वसूताई, पेन ड्राइव्ह मिळाला ना? सगळे फॉन्ट टाका तिच्या मशीनवर. एकही राहायला नको," निकेशशेठ काउंटरवरून ओरडले.

तिची मशीन! तीन दिवसांपूर्वी ती नुसती नवी मशीन होती. बावीस वर्षं मी नवीन पनवेलच्या या फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम आणि हळदीचे बॅनर करते आहे. बारशापासून दहाव्यापर्यंत अर्ध्या पनवेलचे फोटो माझ्या हाताखालून गेले. आणि नवी मशीन मिळाली मनस्वीला, जिला इथे येऊन जेमतेम आठ महिने झालेत. कारण काय, तर तिचा हात भरभर चालतो. माझा जुना कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो, त्यात माझ्या हाताचा काय दोष?

मला तिचा हेवा वाटत होता. गोड बोलून झाकण्यात अर्थ नाही. तिने नुसते केस वर बांधले तरी मला राग यायचा.

फॉन्ट होते अकराशे बेचाळीस. सीडीवरून, मेलवरून, बंद पडलेल्या दुकानांतून मी एकेक करून जमवलेले. नव्या मशीनवर सगळे सिलेक्ट करून इन्स्टॉल केले आणि हिरवी पट्टी सरकताना बघत बसले. अकराशे एक्केचाळीस गेले. एक मी पेन ड्राइव्हवर घेतलाच नव्हता. गुबगुबीत, गोल पोटाच्या अक्षरांचा. ओळखीच्या मैनाताईंनी आपला छापखाना बंद करताना तो मला दिला होता, "तुझ्याकडे नीट राहील" म्हणून. हळदीच्या बॅनरवर नवरीचं नाव मी त्यातच घालायचे. मनस्वीबाई, फोटो कितीही उजळा, मी मनात म्हटलं, पण हे नाव काही तुमच्याकडून व्हायचं नाही.

दुपारी विचुंब्याहून हौसाबाई आल्या. काखेत जुन्या फ्लेक्सची गुंडाळी.

"आमच्या मोनालीच्या हळदीचा हाय. चार वर्सं लाकडांवर टाकला व्हता, तरी अक्षरं बगा कशी हायेत. आता रियाची हळद हाय. हीच अक्षरं पायजेत. मोठीला येक नि धाकटीला दुसरं, असं नाय चालायचं. ल्हानपनापासून मोठीचं बगून झुरते ती."

शेठनी काम मनस्वीकडे दिलं. तिने जुनी फाइल उघडली, 'मोनाली' खोडून 'रिया' टाइप केलं, आणि अक्षरं एकदम सडपातळ, सरळसोट झाली. वर सूचना आली, फॉन्ट सापडत नाही.

"हा कसा राहिला?" शेठनी माझ्याकडे पाहिलं.

"मी तर सगळे टाकलेत." माझे कान तापले होते, पण मनातून गुदगुल्या होत होत्या. आता ये माझ्याकडे. म्हण, ताई, मला जमत नाही.

ती आली नाही. तिने जुन्या बॅनरचं चित्र मोठं केलं आणि एकेक अक्षर कडेकडेने गिरवायला घेतलं. खाली त्याच वळणात लिहिलेल्या 'परिवार'मधून रि उचलली, 'यजमान'मधून य, काना मोनालीचाच. तिचा जेवणाचा डबा तसाच पडून राहिला. दोन तासांनी पडद्यावर रिया उभी होती, गुबगुबीत, गोल पोटाची. खोट काढायला मी मुद्दाम चष्मा लावून पाहिलं. य तिच्या हातून जरा जास्तच गोल झाला होता, आणि तोच छान दिसत होता.

शेठ बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, तो फॉन्ट तुमच्याकडे आहे. सकाळी तुम्ही कॉपी करताना मी मागे उभी होते."

"मग मागितला का नाहीस? शेठना तरी सांगायचं."

"तुम्हाला तो स्वतःकडे ठेवायचा असेल, म्हटलं. असतं ना आपलं एखादं."

तिने टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. मी मुकाट्याने तो फॉन्ट पेन ड्राइव्हवर घेतला, तिच्या मशीनवर टाकला, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं. यादीत त्याचं नाव दिसलं. पण बॅनरवरची रिया आता नुसता गिरवलेला आकार होती. तिला कुठलाच फॉन्ट लागत नव्हता.

संध्याकाळी हौसाबाई बॅनर न्यायला आल्या. धाकटीच्या नावावरून हात फिरवत म्हणाल्या, "दोगींचं सारकंच झालं बगा. वसूताय, तुमचा हात मी लगेच वलखला."

मनस्वी मान खाली घालून पावती लिहीत राहिली. मीही गप्प बसले असते, तर कुणाला कळणार होतं?

"माझा नाही, हौसाबाई," मी म्हणाले. "तिचा आहे."

हौसाबाईंनी मनस्वीच्या गालावरून हात फिरवला आणि तिला हळदीचं आवतण दिलं. दरवेळी ते आधी मला असायचं. मग दोन्ही बॅनर एकत्र गुंडाळून त्या निघाल्या. काउंटरवर जुन्या फ्लेक्समधला लाकडाचा भुसा सांडला होता. मी फडकं आणून तो पुसून घेतला.