प्रोफेसरांचं चाक

सभागृहातल्या खुर्च्या भरल्या, भिंतीला टेकून लोक उभे राहिले, तरी दारातली रेटारेटी थांबेना. सगळ्यांच्या नजरा व्यासपीठावरच्या टेबलाकडे लागल्या होत्या. टेबलावर सायकलच्या चाकाएवढं एक चाक आडवं बसवलेलं होतं आणि त्याच्या कडेनं चुंबकाच्या चकत्या लावलेल्या होत्या. प्रोफेसरांनी बाह्या वर सारल्या, चाकाला हातानं एक झोका दिला आणि दोन पावलं मागे सरले. त्यांनी आयुष्यात कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं, पण सगळे त्यांना प्रोफेसरच म्हणत. चाक फिरू लागलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, चाक थांबायचं नाव घेईना. बॅटरी नाही, वायर नाही.

"मी फक्त त्याला जागं केलं," प्रोफेसर हळूच म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

मग त्यांची टकळी सुरू झाली. अणू, इलेक्ट्रॉन हे सगळं पुस्तकवाल्यांनी उठवलेलं. इलेक्ट्रॉन तुमच्यापैकी कोणी पाहिलाय? नाही ना? मग झालं तर. पदार्थ म्हणजे उत्तरेचा आणि दक्षिणेचा असे दोन चुंबकी प्रवाह, दोरीसारखे पिळलेले. दगड म्हणजे घट्ट पीळ, पाणी म्हणजे सैल पीळ, आणि शरीरातली गाठ म्हणजे चुकीचा पीळ. चाकूनं कापाल तर पीळ अंगभर पसरेल. चुंबकाच्या पट्ट्यानं मात्र तो आपोआप उलगडतो. हे मोठ्या शास्त्रज्ञांना ठाऊक आहे, पण त्यांची तोंडं बांधलेली आहेत. प्रोफेसरांचं तोंड तेवढं मोकळं होतं, आणि ते दोन तास मोकळंच राहिलं.

तिसऱ्या रांगेत मोटरवाली बसली होती. जळालेल्या मोटरी उघडायच्या, काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवं वाइंडिंग भरायचं, हे काम ती वीस वर्षं करत होती. शेजारी तिची धाकटी बहीण होती, शिवणकाम करणारी. धाकटीच्या छातीत शेंगदाण्याएवढी गाठ निघाली होती. सर्जननं सांगितलं होतं की वेळेत सापडलीय, याच महिन्यात काढून टाकू. काही महिन्यांत पुन्हा मशीनवर बसशील.

तो झोका मोटरवालीनं पाहिला आणि ती मनात म्हणाली, अरे, हा तर कपॅसिटर गेलेला पंखा. असा पंखा बटण दाबल्यावर नुसता गुणगुणतो, आणि हातानं झोका दिला की द्याल त्या दिशेला फिरायला लागतो. टेबलाच्या फळीखाली कॉइल आहे आणि तिच्यात वीज चालू आहे, हे तिला तिथल्या तिथे कळलं. सांगायला म्हणून ती वळली. धाकटी हसत होती, तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. मोटरवालीनं तोंड मिटलं. पट्ट्यानं काय बिघडणार आहे, ऑपरेशन तर होणारच आहे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

ऑपरेशन झालं नाही. धाकटीनं कमरेला प्रोफेसरांचा पट्टा बांधला आणि तारीख रद्द केली. तेव्हा कुठे मोटरवालीनं कॉइलची गोष्ट काढली, पण एव्हाना धाकटीची आशा दगडासारखी घट्ट झाली होती. "ताई, तू दहावी नापास. ते पदार्थाबद्दल बोलतायत," ती म्हणाली. मेहुणे नम्रपणे म्हणाले, ताई, तुम्ही मोटरींचं बघा. मोटरवाली रागावून घरी गेली, आठ दिवसांनी पुन्हा आली, पुन्हा भांडली, पुन्हा गेली. असे चार महिने गेले. गाठ वाढली, तेव्हा प्रोफेसर म्हणाले की उलगडण्याआधी पीळ फुगतो. मग धाकटीची पाठ दुखू लागली, रात्रंदिवस. प्रवाह कण्यात उतरतोय, उत्तम लक्षण आहे, असं म्हणून त्यांनी तिला पुढच्या सभेत अनुभव सांगायला बोलावलं.

त्या सभेत धाकटी नवऱ्याच्या आधारानं व्यासपीठावर चढली, आणि तिच्यामागून मोटरवालीही चढली. तिच्या हातात बारीक तारेची गुंडाळी होती आणि तिला जोडलेला छोटासा बल्ब. चाक अजून स्थिर होतं. तिनं गुंडाळी टेबलाजवळ नेली आणि बल्ब लागला.

"न हलणाऱ्या चुंबकानं बल्ब लागत नाही," ती लोकांना म्हणाली. "याच्या खाली वीज आहे."

प्रोफेसर क्षणभरच गडबडले. मग त्यांनी तिचा बल्ब धरलेला हातच उंच उचलला. बघा, म्हणाले, चाक विश्रांतीत असतानाही प्रवाह वाहतो, आणि हे दाखवायला एक साधी कारागीर बाई पुढे आली. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. धाकटीनं कौतुकानं बहिणीच्या पाठीवर हात ठेवला. मोटरवालीला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

पण या सभागृहाच्या पंपाची मोटर तिनंच भरली होती, त्यामुळे विजेचा बोर्ड कुठे आहे ते तिला माहीत होतं. प्रोफेसरांनी चाकाला झोका देईपर्यंत ती पडद्यामागे पोचली. बोर्डावर एक नवी वायर जोडलेली होती आणि ती फळ्यांखालून थेट टेबलाच्या पोकळ पायात शिरत होती. तिनं त्या वायरचा फ्यूज उपसला.

सभागृहातले पंखे, दिवे चालूच राहिले. चाक मात्र मंदावलं, रेंगाळलं आणि थांबलं. प्रोफेसरांनी झोका दिला, पुन्हा दिला. सभेत संशयी माणूस शिरलाय, असं ते पुटपुटले. पडद्यामागून मोटरवालीनं फ्यूज परत बसवला आणि बाहेर येऊन धाकटीला म्हणाली, "आता तू दे. उलट्या बाजूला दे."

धाकटीनं चाकाला उलटा झोका दिला. चाक उलटं फिरू लागलं, तितक्याच इमानदारीनं. मोटरवाली पुन्हा आत गेली, चाक पुन्हा थांबलं, आणि ती फ्यूज हातात धरून सगळ्यांसमोर आली.

पुढच्या रांगेतल्या दोघांनी टेबल आडवं पाडलं. फळीखाली हाताएवढी कॉइल स्क्रूनं आवळलेली होती. लोक व्यासपीठावर धावले, खुर्च्या फुटल्या, आणि प्रोफेसर मागच्या दारानं पसार झाले. बाहेर पडताना मात्र काहीजण म्हणत होते, यंत्र खोटं असेल, पण सिद्धांत खरा असणार. त्यांच्या कमरेला पट्टे तसेच होते.

धाकटी कॉइलकडे बघत खाली बसली.

सर्जननं स्कॅनचे नवे फोटो पाहिले. तो ओरडला नाही, हेच जास्त लागलं. आजार कण्यात आणि यकृतात गेला होता. आता वेदना कमी करता येतील, एवढंच त्यानं सांगितलं.

खाटेवर पडल्यापडल्या एका दुपारी धाकटीनं विचारलं, "ताई, तुला कधी कळलं होतं?"

"पहिल्या दिवशी."

"त्याच दिवशी का नाही बोललीस?"

"तू हसत होतीस."

धाकटीनं आपला हात बहिणीच्या हातातून सोडवून घेतला. "रडू द्यायचं होतंस," ती म्हणाली, आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर सातव्या आठवड्यात ती गेली. तोवर दोघी औषधापाण्यापलीकडे काही बोलल्या नाहीत.

अजूनही दुकानात कोणी कमरेला तसला पट्टा बांधून आला की मोटरवाली हातातली तार खाली ठेवते. गिऱ्हाईक तुटतं, तुटू दे, असं ती म्हणते. पदार्थ कशाचा बनलाय याबद्दल कोणीही काहीही मांडावं, तिची हरकत नसते. ती एवढंच सांगते की ज्याचं म्हणणं खरं आहे, तो तपासणीला घाबरत नाही. जो तपासू देत नाही, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका. आधी दवाखान्यात जा. आणि कोणाची लबाडी दिसली तर ती दिसली त्याच मिनिटाला बोला, समोरचं माणूस कितीही आनंदात असलं तरी.