दांडी सोडली की थांबतं

“यंत्र हे माणसाचा नोकर असतं, मालक नव्हे!” मानसिंग कदमांनी हात उंचावून जाहीर केलं, आणि त्याच हातातला नारळ निसटून त्यांच्याच अनवाणी अंगठ्यावर पडला.

दसऱ्याच्या सकाळी सीवूड्सच्या त्या सोसायटीतली मंडळी लॉनच्या कडेने जमली होती. त्यांनी सभ्यपणे फक्त नारळाकडे पाहिलं. अध्यक्षांनी अंगठा हलवून तो शाबूत असल्याची खात्री केली आणि भाषण पुढे चालू ठेवलं.

गवत कापायच्या नव्या मशीनची पूजा नुकतीच आटोपली होती. हळदकुंकू त्यांच्या बायकोने, शालनने लावलं होतं. हँडलभोवती लाल-पिवळा नाडा तिनेच गुंडाळला होता, पुढच्या दसऱ्यापर्यंत सुटू नये अशी गाठ मारून, आणि वरून झेंडूचा भरगच्च हार. आता ती लॉनच्या या टोकाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला उजवा पाय सरळ पुढे. दोघांनी धरल्याशिवाय तिला उठता येत नव्हतं, आणि पाय दुमडायला तिने फिजिओथेरपिस्टला साफ नकार दिला होता.

मशीन त्या टोकाला, तिच्या बरोब्बर समोर होतं. मानसिंगांच्या कमरेला त्यांचा जुना लोखंडी हूक खोचलेला. मार्केटात हमाली करताना याच हुकाने त्यांनी पोती ओढली होती. पुढे स्वतःचा गाळा झाला, सीवूड्सला फ्लॅट झाला. हूक मात्र दर दसऱ्याला पूजेला बाहेर यायचाच.

“चेअरमन, इकरं पोरं खेलतान,” धर्मराज म्हात्रे म्हणाले. ते मूळचे तळवलीचे, इथे मुलाकडे राहायचे. “ह्या मशीन थांबतं ना बरोबर?”

“थांबतं का? या दोन दांड्या बघा. वरची हँडलला दाबून धरली की पातं फिरतं, खालची धरली की चाकं. हात सोडला की सगळं गप. दाखवतोच.”

“मंग काकीला पयले बाजूला घ्या.”

“कशाला? स्वतःची बायको समोर बसवल्यावर कुणाला शंका राहील?”

“अहो, माझा पाय...” शालन म्हणाली.

“काय होत न्हाय गं.”

हे वाक्य तिने लग्नापासून ऐकलं होतं. तिने पदर सारखा केला आणि बसून राहिली.

सेक्रेटरी सौरभने मोबाईल सरसावला. मानसिंगांनी इंजिन सुरू करायची दोरी ओढली. मशीन धडधडलं आणि दांड्या धरायच्या आतच हिसका देऊन पुढे निघालं. मानसिंगांना त्यात नवल वाटलं नाही. पूजा नीट झाली की वस्तू हलकी चालते, हा त्यांचा अनुभव होता. ते हारासकट हँडल धरून त्याच्या मागोमाग चालू लागले. अर्धं लॉन ओलांडल्यावर त्यांनी दोन्ही हात आकाशात उंचावले.

“हे बघा!”

सगळ्यांनी बघितलं. मशीन पुढे चाललं होतं.

टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी कार्यक्रमात काहीतरी जास्तीचं योजलेलं दिसत होतं.

मानसिंग धावले. हँडल पकडून त्यांनी मागे खेचलं, तर दवाने ओल्या गवतावर त्यांचे अनवाणी पाय घसरले आणि मशीनने त्यांनाच ओढत नेलं. हँडल खाली दाबलं, तर पुढची चाकं उचलली गेली आणि फिरतं पातं थेट शालनच्या दिशेला उघडं पडलं. त्यांनी ते झटकन पुन्हा टेकवलं. झेंडूत बोटं खुपसली तेव्हा त्यांना नाडा लागला. दोन्ही दांड्या हँडलला घट्ट आवळलेल्या. गाठ शालनची होती. ती सुटणार नव्हती.

“उठ!” ते ओरडले. इंजिनच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

शालनला ऐकायची गरज नव्हती. नवऱ्याचा असा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. तिने खुर्चीचे हात धरले, अंग उचलायला गेली आणि परत बसली. सरळ केलेल्या पायातली चप्पल गळून गवतावर पडली.

एका हाताने हँडल धरून मानसिंगांनी दुसऱ्याने हूक उपसला. टोक नाड्याखाली घातलं, निसटलं. पुन्हा घातलं आणि पोतं ओढावं तसा सगळ्या अंगाने हिसका दिला. नाडा तुटला. झेंडू उधळले. दांड्या खाडकन उघडल्या, इंजिन आचका देऊन बंद पडलं. पातं मात्र अजून घरघरत होतं. तेवढ्यात चप्पल खाली गेली, आणि तिचे निळे तुकडे बाजूने बाहेर आले.

मग सगळं शांत झालं. मशीन खुर्चीला टेकलं होतं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. “काका, काय टायमिंग!” सौरभ ओरडला. धर्मराज मात्र टाळ्या वाजवत नव्हते.

मानसिंग हँडल दोन्ही मुठींत आवळून उभे होते. दांड्या त्यांनी पुन्हा दाबून धरल्या होत्या.

शालनचे दोन्ही पाय वर खुर्चीत होते. ऑपरेशनचा गुडघा दुमडून पार छातीला लागला होता. तिने आधी गुडघ्याकडे, मग नवऱ्याच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “बंद झालंय ते. सोडा आता.”

त्यांना सोडता येईना.

“सोडा, आणि इकडं या जरा. हा पाय वर गेला खरा, आता खाली घ्यायला हात द्या.”