खरेपणाची खुर्ची

मी जन्मभर थापा मारल्या, पण दुसऱ्याची थाप उचलून आपली म्हणून कधी खपवली नाही. आमच्या धंद्यालाही काही अब्रू असते. म्हणूनच त्या पास्टरची मी जी जिरवली, त्याचं मला अजून वाईट वाटलेलं नाही. उलट डोळ्याला डोळा लागत नसला की मी तेवढंच आठवतो आणि पाळण्यातल्या पोरासारखा झोपतो.

आमचं चर्च नव्या वळणाचं. टायरच्या जुन्या गोदामात भरायचं. काळे पडदे, सिनेमासारखा मोठा पडदा, ड्रम, दाराशी कॉफीचं मशीन आणि भिंतीवर दिव्यांची अक्षरं: 'इथे खरे व्हा'. पास्टर चाळिशीचा. गुडघ्यावर फाटलेली जीन्स, पांढरेशुभ्र बूट. जुन्या चर्चमधले पाळक घरून लिहून आणलेला उपदेश वाचतात, याचं त्याला फार हसू यायचं. त्याच्या मंचावर एक साधी लाकडी खुर्ची होती. तिला सगळे खरेपणाची खुर्ची म्हणत. दर रविवारी गाणी संपली की तो तिच्यात बसायचा आणि स्वतःच्या आयुष्यातली एखादी मोडकीतोडकी गोष्ट 'साक्ष' म्हणून सांगायचा. दोनशे माणसं नाकं ओढायची. मीही ओढलंय, खोटं कशाला बोलू.

माझी धाकटी बहीण तिथं जायला लागली ती या खुर्चीपायीच. बत्तीस वर्षं तिनं हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी मोजल्या. बोलणं बेताचं, पण हाताखाली काही आलं की पुटपुटत मोजायची सवय जन्माची लागलेली. चर्चमध्ये मंगळवारी 'ऐकण्याची खोली' उघडी असायची. दोन सोफे, टिश्यूचा डबा आणि समोर पास्टर. "इथलं इथंच राहतं," असं तो प्रत्येकाला सांगायचा. एका मंगळवारी तिनं तिथं जाऊन, मलाही कधी न सांगितलेलं सांगितलं.

नवरा टाकून गेलेला, सांभाळायला कुणी नाही. तापानं फणफणलेल्या दहा महिन्यांच्या पोराला झोपवून, खोलीला बाहेरून कुलूप लावून ती कामावर गेली होती. न जावं तर काम सुटणार होतं. दुपारी परतली तेव्हा सगळं संपलं होतं. पोराच्या मुठीत तिच्याच गणवेशाचं तुटलेलं बटण होतं. आम्हाला तिनं 'तापानं गेला' एवढंच सांगितलेलं. कुलपाचं कधी नाही.

त्यानंतरच्या पाचव्या रविवारी पास्टर खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मी बारा वर्षांचा होतो. तापलेल्या धाकट्या भावाला खोलीत ठेवलं, बाहेरून कुलूप लावलं आणि खेळायला गेलो." मग बटण आलं. त्याच्या शर्टाचं.

बहिणीनं माझं मनगट असं आवळलं की घड्याळाचा पट्टा तुटला.

घरी आल्यावर तिनं मला सगळं सांगितलं. मी म्हणालो, "चल, आत्ताच्या आत्ता त्याची गचांडी धरतो."

"थांब दादा. आधी मी बायकांना सांगते."

गुरुवारी बायकांची प्रार्थना असायची. तिथं तिनं सांगितलं, कुलपासकट. मग गाणी म्हणणाऱ्या गटाची जी म्होरकी, तिनं बहिणीच्या गुडघ्यावर थोपटलं. "सिस्टर, पास्टरांची साक्ष फार मनाला लागली ना? मलाही दोन दिवस माझंच मूल गेल्यासारखं वाटत होतं. पण म्हणून आपल्या नावावर नाही सांगायचं. इथं खरं बोलतो आपण."

बहीण घरी आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात बसली. "दादा, माझं पोर खोटं ठरलं."

थापाड्याला अशा वेळी कुणी काही विचारू नये.

"पोर काही परत येत नाही," ती म्हणाली. "पण जे घडलं ते माझं आहे. ते मला परत पाहिजे."

मग मी मंगळवारी ऐकण्याच्या खोलीत गेलो. पहिल्यांदा नुसता गळ टाकून पाहिला. लहानपणी शेजाऱ्याचा काळा कुत्रा मरावा म्हणून मी देवाला विनवलं आणि कुत्रा खरंच मेला, असं सांगितलं. आमच्या शेजाऱ्याकडे कुत्रा कधी नव्हताच. तिसऱ्या रविवारी तो कुत्रा खुर्चीत मेला. काळ्याचा पांढरा झाला होता, एवढीच पास्टरची भर.

मासा गळ ओळखत नाही हे कळल्यावर मी मोठं आमिष लावलं. माझ्या डाव्या पायाला दोन बोटं कमी आहेत. नातवंडांना मी त्यांच्या सतरा कहाण्या सांगितल्यात, मगरीसकट. खरं म्हणाल तर बर्फाच्या कारखान्यात कामाला असताना डुलकी लागली आणि लादी पायावर आली. चर्चमध्ये हा पाय कुणी पाहिलेला नव्हता. पास्टरला सांगताना मी त्यात एक सोबती घातला. त्याला बाजूला ढकलून लादी मी माझ्या पायावर घेतली.

"मोजे काढायची लाज वाटते, पास्टर."

त्यानं टिश्यूनं डोळे टिपले. "किती मोडलेले आहात अंकल. किती सुंदर."

चौथ्या रविवारी पास्टर कॉलेजच्या सुट्टीत बर्फाच्या कारखान्यात गेला आणि सोबत्याला वाचवताना दोन बोटं घालवून आला. "हा पाय माझ्या बायकोशिवाय कुणी पाहिलेला नाही," असं तो म्हणाला, तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या बायकोनं मान खाली घालून पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.

प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या आठवणीसाठी आमचा पास्टर वर्षातून एकदा बारा जणांचे पाय धुवायचा. त्याच्या तयारीच्या बैठकीत, कधी तोंड न उघडणारी माझी बहीण उभी राहिली. "ज्या पायानं दुसऱ्यासाठी एवढं सोसलं, तो पास्टरांचा पाय यंदा आपण धुवायला नको का?"

सगळे आमेन म्हणाले. पास्टर म्हणाला, मी त्या योग्यतेचा नाही. तो नम्रपणा पाहून आमेन दुप्पट झालं.

तो दिवस आला. मंचावर टब, कोमट पाणी, टॉवेल. खुर्चीत पास्टर, त्याच्यापुढे गुडघ्यांवर माझी बहीण. कॅमेरावाल्यानं पाय मोठ्या पडद्यावर घेतले, एकेक होडीएवढा.

"सिस्टर, मोज्यावरूनच पाणी घाला," पास्टर कुजबुजला. पण कॉलरचा माइक चालू होता, सगळ्या गोदामानं ऐकलं. "ती जखम मी फक्त देवाला दाखवतो."

"देव बघतोच आहे, पास्टर," ती म्हणाली आणि मोजा ओढला.

"एक. दोन. तीन. चार. पाच." चादरी मोजाव्यात तसं तिनं मोजलं. "दुसरा द्या."

दुसऱ्यालाही पाच निघाली.

ड्रमवाला ड्रम वाजवायचा विसरला. मला वाटलं, पास्टर आता तोंड लपवेल. पण मोठ्याला मोठं म्हणायला हवं. तो टबात तसाच उभा राहिला, हात वर केले आणि म्हणाला, "मंडळी, देवानं परत दिली."

थाप म्हणून मी तिला शंभरात नव्वद देईन. मागच्या रांगांत टाळ्या सुरूही झाल्या. मी पायऱ्या चढलो, बूट काढला, मोजा काढला आणि माझा डावा पाय टबात त्याच्या पायाशेजारी ठेवला. पडद्यावर पाच बोटांशेजारी तीन बोटं आली.

"तुमची आली, आनंद आहे, पास्टर. माझी त्याच लादीखाली गेली. मंगळवारी नव्हतं का सांगितलं? पाणी गरम आहे तोवर माझीही मागून द्या."

त्यानं काही मागितलं नाही. टाळ्या एकेक करून बंद पडल्या. कुणीतरी मागून विचारलं, "मग तो कुत्रा?"

"तोही मीच मारला," मी म्हणालो. "आणि तो कधी नव्हताच."

गाण्याची म्होरकी पास्टरकडे बघत होती. मग हळूच तिची नजर माझ्या बहिणीकडे वळली. "सिस्टर, मग ते बटण..."

बहीण टॉवेलला हात पुसत होती. "माझं. माझ्या पोराच्या मुठीतलं."

या वेळी तिला कुणी, इथं खरं बोलतो आपण, असं सांगितलं नाही. म्होरकी रडत रडत मंचावर आली आणि तिनं बहिणीपुढे माइक धरला. "बसा सिस्टर, खुर्चीत बसा. सांगा आम्हाला."

"नाही," बहीण म्हणाली. "एकदा सांगून पाहिलंय."

आठ दिवसांनी पास्टर आमच्या दारात. दाढी वाढलेली. बहीण चादरीची घडी घालत होती, ती थांबली नाही.

"सिस्टर, मी पार मोडलोय. रविवारी खुर्चीत बसून सगळं सांगणार आहे. मी कसा घसरलो, तुमचं दुःख कसं चोरलं..." त्याचा आवाज बरोबर जागेवर भरून आला. मी ओळखलं, गडी सराव करतोय. चोरीचीही साक्ष होणार होती.

"त्यात माझं पोर येणार?"

"नाव नाही घेणार."

"त्याच्याशिवाय सांगा."

पास्टर गोंधळला. "मग सांगण्यासारखं राहतंच काय?"

"चर्चच्या आधी काय करत होता?"

"विमा कंपनीत होतो. नऊ ते पाच."

"आईवडील?"

"आहेत. मजेत आहेत."

"मग तेच सांगा. खरं आहे ना ते? माझ्या पोराबद्दल एक अक्षर निघालं, तर मी मंचावर येईन."

"ते कोण ऐकेल, सिस्टर?"

तिनं घडी गठ्ठ्यावर ठेवली आणि माझ्याकडे बोट केलं. "हा ऐकेल."

बहीण आता जात नाही. मी एक रविवार चुकवत नाही, पहिल्या रांगेत बसतो. पहिल्या आठवड्यात दोनशेची सत्तर माणसं झाली, मग अकरा. परवा पास्टरनं विम्याचे अर्ज कोणत्या रंगाच्या फाइलीत ठेवायचे ते सांगितलं. पिवळ्या. मग खुर्चीतून उठायला लागला.

"पुढे काय झालं, पास्टर?" मी विचारलं.

"काही नाही, अंकल."

"मग तेच सांगा. निवांत सांगा. मला कुठं जायचं नाही."