हातोडा तेवढा राहिला

शाहिस्तानं फाटक ढकललं. अंगणातल्या दोरीवर तिची चादर वाळत होती. पांढरीफेक!

आता बोला! हिंगोलीच्या खासगी कला महाविद्यालयातलं पोरीचं शेवटचं वर्ष. उद्या परीक्षक येणार, आणि त्यांच्यापुढं मांडायला तिच्याकडं ही एकच चादर. कनेरगाव नाक्यावर लोहारकाम करणारे तिचे अब्बा, लतीफभाई, गेल्या साली वारले. त्यांची हत्यारं तिनं व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या चादरीत आठवडाभर गुंडाळून ठेवली होती. सांडशी, छिन्नी, कानस, हातोडा, सगळ्यांचे गंजाचे ठसे काय झकास उमटले होते! हत्यारं पुन्हा पेटीत गेली. चादर परीक्षेला न्यायचीय, एवढंच अम्मीला सांगितलं; ठसे कशाचे ते मात्र ती रडेल म्हणून एका शब्दानं सांगितलं नाही. घ्या, भोगा आता!

"अम्मी! काय करून ठेवलंस हे?"

रहिमाबी ओल्या हातानंच बाहेर आली, वर तोंडभर हसली. "काहून ओरडून राहिली? केवढा गंज लागला होता! लिंबू-मीठ चोळू चोळू काढला. उद्या साहेबलोकांम्होरं मळकं कसं न्यायचं?"

शाहिस्ता चादरीपाशी खालीच बसली. "डाग नव्हते गं ते. अब्बाची हत्यारं होती."

रहिमाबीचं हसू मावळलं. ती दोरीपाशी गेली आणि चादरीचा पलीकडचा पदर तिनं हळूच अलीकडं घेतला. कोपऱ्यात एक तांबूस हातोडा तसाच होता.

"हा बी घासाया घेतला होता. मंग त्याचं टवका उडालेलं तोंड दिसलं, तुह्या अब्बाच्या हातोड्यावानी. म्हणलं, मला भास होऊन राहिला. पण हात पुढं चालंना, बेटा."

शाहिस्तानं आईच्या कमरेला मिठी मारली. तिचा राग कुठल्या कुठं गेला. अब्बा गेल्यापासून दोघी एकमेकींना चोरून रडायच्या. त्या दिवशी एकत्र रडल्या आणि जिवाला बरं वाटलं.

नवे ठसे उमटायला वेळ कुठला? दुसऱ्या दिवशी चादर तशीच टांगली. शाहिस्ता आईलाही सोबत घेऊन गेली. परीक्षक बाई आल्या, चादरीपुढं थांबल्या आणि नकळत त्यांनी हातोड्याकडं बोट नेलं.

कोपऱ्यात अंग चोरून उभी असलेली रहिमाबी झटकन पुढं झाली.

"बाई, हात नका लावू," ती म्हणाली. "माझ्या हातून एवढाच राहिलाय."