ऑरिनचे गुरुवार

लारू बार्टन दारात आली ती बटाट्यांचं भांडं घेऊनच. चीजमध्ये शिजवलेले बटाटे, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा. गावात कुणी गेलं की हे भांडं येतंच. पण नेड्राचा नवरा ऑरिन जाऊन चार महिने झाले होते. चार महिन्यांनी कोण बटाटे आणतं? नेड्राच्या मनात पाल चुकचुकली.

लारूने भांडं ओट्यावर ठेवलं आणि तिला घट्ट मिठी मारली. तिचा उजवा हात नेड्राच्या पाठीवरून खांद्याकडे सरकला, जरा थांबला, पुन्हा खाली आला. शिवण चाचपत होती बया! त्यांच्या चर्चच्या मंदिरात शपथा घेतल्या की आतला पवित्र सदरा जन्मभर अंगावर हवा, आणि तो कुणाच्या अंगावर आहे, कुणाच्या नाही, हे इथल्या बायका मिठीतच ओळखतात. नेड्राने तिचे सगळे सदरे पाच आठवड्यांपूर्वी एका खोक्यात कोंबले होते.

"बारीक झालीस गं," लारू म्हणाली.

म्हणजे कळलं तर हिला. आता संध्याकाळपर्यंत बिशपला कळणार. बिशप स्टॉडर्ड तसा साधा माणूस, आठवडाभर टर्की पाळायचा आणि रविवारी गावाच्या पापपुण्याचं बघायचा. पण तो घरी आला की तासभर हलत नसे.

"बिशप विचारत होते, सिस्टर नेड्रा रविवारी चर्चमध्ये दिसत नाहीत म्हणून."

"गुडघा."

"हो बाई, तुझा तो गुडघा." लारू खुर्चीवर टेकली. तिची नजर खोलीभर फिरत होती. "आमचा डेल परवा ऑरिनचीच आठवण काढत होता. जाऊ दे. गेलेल्या माणसाबद्दल कशाला बोला?"

"एवढं बोललीस तर बोल की पुढचं."

"अगं, सलिना गावाच्या अलीकडे हमरस्त्यावर ती ट्रकवाल्यांची खानावळ आहे ना? तिच्या मागे ऑरिनची गाडी उभी असायची म्हणे. दर गुरुवारी. चालवणारी बाई विधवा आहे." ती उठली. "मला वाटलं, तुला माहीतच असेल. भांड्याची घाई नाही हं."

लारू गेली. नेड्राने बटाटे तसेच्या तसे कचऱ्यात ओतले.

गुरुवार म्हणजे ऑरिनचा मँटाय गावच्या मंदिराचा दिवस. आधी दोघं जायची. चार वर्षांपूर्वी नेड्राने गुडघ्याचं निमित्त काढलं. गुडघा ठणठणीत होता, बिघडलं होतं ते दुसरंच. घराण्याची जुनी कागदपत्रं उतरवून काढताना पणजीची वही तिच्या हाती लागली होती. पणजी पंधराव्या वर्षी एका पन्नाशीच्या माणसाची, आधीच्या तिघी घरात असताना, चौथी बायको झाली होती, देवाची आज्ञा म्हणून. 'मी रडले तर आई म्हणाली, स्वर्गात कळेल,' असं त्या पोरीने लिहिलं होतं. नेड्राने वही मिटली, आणि पुढच्या काही महिन्यांत तिचा विश्वास झिरपून गेला. ऑरिनला सांगण्याची तिची छाती झाली नाही. त्याचे आजोबा त्या मंदिराच्या डागडुजीला राबले होते. हा भोळा जीव, ऐकून खचला असता. म्हणून तिने तोंड शिवलं, सदरा घातला, प्रार्थनेला मान लववली. फक्त गुरुवारी मात्र पाय निघेना.

आता तो नव्हता. चर्चच्या यादीतून नाव काढण्याचं पत्र तिने लिहून ठेवलं होतं. पण नाव काढलं की मंदिरात ऑरिनशी बांधलेली अनंतकाळची गाठही सुटते, असा नियम. विश्वासच उरला नाही तर गाठ कसली नि सुटणं कसलं? हे तिला पटत होतं, तरी पत्र टाकायला हात धजत नव्हता. बेचाळीस वर्षांचा नवरा असा एका तिकिटात सोडून द्यायचा?

आणि तो नवरा कुणाचा होता, हाच आता प्रश्न होता.

तिला एकेक आठवायला लागलं. ऑरिन गेला त्या दिवशी, मंदिराच्या पांढऱ्या कपड्यांत पुरायचं म्हणून तिने त्याची छोटी बॅग उघडली होती. झगा, टोपी, पट्टा, सगळ्याची घडी तिने स्वतः घातलेली, जशीच्या तशी. तेव्हा दुःखात तिने लक्ष दिलं नाही. दर गुरुवारी जाणाऱ्या माणसाच्या कपड्यांची घडी मोडत नाही?

तिने त्याचं पाकीट काढलं. मंदिरात जायचा परवाना त्यात होता, बिशपच्या सहीचा. मुदत तीन वर्षांपूर्वी संपली होती. त्याशिवाय दारातला म्हातारा बापालाही आत सोडत नाही.

मग ती गाडीकडे गेली. सीटखाली पेपरमिंटच्या गोळ्यांचे रिकामे डबे सापडले. आठ-दहा तरी असतील. आता बोला! सत्तरीचा माणूस घरी येण्याआधी तोंडाला वास येऊ नये म्हणून गोळ्या चघळतो, तो कशासाठी? दारू? नाहीतर लिपस्टिक? संध्याकाळी दारात तो तिच्या कपाळाचं चुंबन घ्यायचा, पेपरमिंटचा गार वास यायचा, आणि ती म्हणायची, "कसं झालं मंदिरात?" तो म्हणायचा, "शांत वाटलं." बरोबर आहे, शांत वाटणारच!

गुरुवारी सकाळी नेड्राने पत्र पर्समध्ये टाकलं. तिथे खरंच त्याची बाई निघाली तर खानावळीच्या दारातूनच टपालात टाकायचं, असं ठरवून ती निघाली.

खानावळ बुटकी होती, आतून तळणाचा वास येत होता. गल्ल्यामागे पन्नाशीची, रुंद हाडाची, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली बाई उभी होती. कपाळावर घाम. ओठांना लिपस्टिक नाही. नेड्राने आधी तेच बघितलं.

"बसा ना, ताई," बाई म्हणाली. मग तिने निरखून पाहिलं. "अगंबाई! तुम्ही नेड्रा! ऑरिनबाबांच्या फोनमध्ये पाहिलाय तुमचा फोटो. मी सोकोरो. चार महिने झाले, बाबा आले नाहीत. बरे आहेत ना?"

"गेला तो."

सोकोरोने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि छातीवर क्रूस केला. तिचे डोळे खरोखर भरून आले. नेड्राला तेही खपलं नाही.

"तुझा कोण होता तो?" तिने सरळ विचारलं.

"माझा? गिऱ्हाईक होते!" सोकोरो क्षणभर भांबावली, मग तिला उमगलं आणि तिने कपाळाला हात लावला. "अहो ताई, काहीतरीच काय! त्या खिडकीत बसायचे. बॅग समोरच्या खुर्चीवर ठेवायचे, दोन कप कॉफी घ्यायचे, शब्दकोडं सोडवायचे. दोन तास झाले की घड्याळ बघून उठायचे."

"कॉफी?" नेड्राने आवाज खाली आणला. चर्चला चहा-कॉफी वर्ज्य म्हणून ज्या घरात कधी चहाची पत्तीसुद्धा आली नव्हती, त्या घरचा माणूस कॉफी पीत होता!

"मी चिडवायचे त्यांना, बाबा, तुमच्या लोकांना चालत नाही ना? तर म्हणाले, माझा फार वर्षांपूर्वीच उडालाय विश्वास. मंदिरात जायचो ते बायकोसाठी. तिला आवडायचं. आता तिचा गुडघा गेला, ती येत नाही, मग मी आत जाऊन कुणासाठी बसू?"

नेड्रा खुर्चीत बसली.

"मग सांगितलं का नाही त्याने मला?"

"मीही तेच म्हटलं. म्हणाले, ती फार श्रद्धाळू आहे गं. तिला कळलं तर वाटेल, मेल्यावर मी तिला भेटणार नाही. त्या धसक्याने खंगेल ती. राहू दे, म्हणाले, दोन तासांचं तर नाटक आहे."

"माझा गुडघा कधीच दुखला नाही," नेड्रा म्हणाली.

सोकोरोला काही कळलं नाही. कळणार तरी कसं? नेड्राने पर्सवर हात ठेवला. पत्र ती आता टाकणार होती. त्या गाठीवर दोघांपैकी कुणाचाच विश्वास नव्हता, आणि तरी दोघांनी एकमेकांसाठी ती सांभाळली होती. त्या पत्राने तिच्या नवऱ्याचं काहीच जाणार नव्हतं. जे जायचं होतं ते चार वर्षांत गेलं होतं.

"काय आणू, ताई?"

"तो प्यायचा ते."

कप आला. तिने घोट घेतला, जीभ भाजली. कडूझार! तिने तोंड वाकडं केलं, आणि एकदम तिला इतका राग आला की तिने कप टेबलावर आपटला. दोन ट्रकवाल्यांनी वळून पाहिलं. पाहू देत.

"मेल्या," ती मोठ्याने म्हणाली आणि रडायला लागली, "मी घरीच बसलेली असायचे रे. एकदा हाक मारायची होतीस. मी आले असते."