बाहेरच्यांचा चौथा डाव

फुमिएने लाकडी तलवार वडिलांच्या, इसोगाईंच्या, डाव्या हातात दिली आणि त्यांची बोटं एकेक करून मुठीभोवती वळवली.

"घट्ट," डॉ. अम्मान म्हणाले. "अजून घट्ट, सेन्सेई."

"तुम्ही माझे शिष्य की मी तुमचा, तेच कळेनासं झालंय," इसोगाई म्हणाले.

वसंतात इसोगाईंची डावी बाजू लुळी पडली होती. तेव्हापासून डॉक्टर रोज दवाखाना उघडण्याआधी तालीमघरात येऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेत. एकोणीस वर्षांपूर्वी ते स्वित्झर्लंडहून याच घराण्याची तलवार शिकायला आले होते. डॉक्टरकीची परीक्षा त्यांनी इथे जपानीतून पुन्हा दिली आणि नदीकाठच्या या गावात दवाखाना थाटला. त्यांची बायको दुसऱ्या हिवाळ्यात मुलांना घेऊन परत गेली. डॉक्टर राहिले.

"चौथा डाव करा," ते म्हणाले. "विचार न करता. फुमिए-सान समोरून येतील."

"चौथाच कशाला?" फुमिए म्हणाली. "पहिला करू या."

"पहिल्यात डावं मनगट वळत नाही."

फुमिएने वडिलांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर नदीकडे बघत होते. तिने दुसरी तलवार उचलली आणि ती चाल करून आली.

चौथ्या डावात उजवा पाय मागे घेऊन वरून डोक्यावर वार करायचा असतो. इसोगाईंचा डावा पाय तिरका आत गेला आणि त्यांची तलवार खालून फुमिएच्या मनगटाकडे निघाली. आजारात डाव विसरले, असं डॉक्टरांना वाटलं. मग त्यांचं लक्ष फुमिएकडे गेलं. वडील चुकले असते तर तिची तलवार त्यांच्या खांद्यावर बसली असती. पण तिने मनगट आधीच फिरवलं होतं. वडिलांची तलवार जिथे येणार होती, तिथून ती बाजूला झाली होती.

तेवढ्यात इसोगाईंची बोटं सुटली. तलवार फरशीवर आपटली आणि डाव अर्ध्यातच राहिला.

"तुम्ही आधीच बाजूला झालात, फुमिए-सान."

फुमिए खाली वाकून तलवार उचलू लागली.

"बाहेरच्याला चौथा वेगळा शिकवायचा, ही या घराची रीत आहे," इसोगाई म्हणाले. "माझ्या पणजोबांच्याही आधीपासूनची. कुणी विद्या घेऊन गेलाच, तर पोकळ घेऊन जावा."

"मी बाहेरचा?"

"सगळे म्हणत होते, दोन वर्षांत जाईल हा गोरा. तुम्ही गेलाच नाहीत." त्यांच्या आवाजात तक्रार होती. "मग सांगायचं कसं?"

"खऱ्या तलवारी असत्या तर? माझ्या डावाने माझं काय झालं असतं?"

"मेला असतात."

"आणि ओगावारा?" डॉक्टरांनी विचारलं.

साकेचं, तांदळाच्या दारूचं, दुकान चालवणारा ओगावारा इतकी वर्षं रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर उभा राहत आला होता.

"त्यांना तुमचा तो डाव मुद्दाम शिकावा लागला," फुमिए म्हणाली. "आम्हा सगळ्यांनाच. तुमच्यासाठी."

डॉक्टरांनी इसोगाईंच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. नेहमीपेक्षा जास्त होता.

"लोणची बंद करा," एवढंच म्हणून ते दवाखान्यात गेले.

त्यानंतर ते तालीमघरात फिरकले नाहीत. व्यायाम करून घ्यायला नर्सला पाठवत राहिले. शेवटी एका दुपारी ओगावारा काखेत बाटली मारून दवाखान्यात आला.

"काय रे डॉक्टर, रुसलास? नवी नवरीसुद्धा इतके दिवस माहेरी राहत नाही."

"तुला लाज नाही वाटली?"

"वाटली की. पहिली दोन-तीन वर्षं." ओगावाराने बाटली टेबलावर ठेवली. "मग तू तो इतका छान करायला लागलास, की मलाच तो खरा वाटायला लागला."

डॉक्टर हसले नाहीत.

"ऐक. सेन्सेई खरा शिकवणार म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले. रविवारी ये."

रविवारी इसोगाई स्टुलावर बसून मिटलेल्या पंख्याने खुणा करत होते. "डावा पाय. आत. आता मनगट, खालून."

डॉक्टरांचा उजवा पाय आपोआप मागे जाई. पंखा त्यांच्या पोटरीवर बसे. पुन्हा उजवाच मागे. दुपारपर्यंत कुठे पाय वळणावर आला. इथवर सगळं त्या सकाळी दिसलं होतं तसंच होतं. पुढचा भाग, तलवार पडल्यामुळे पाहायचा राहिलेला, इसोगाईंनी सावकाश समजावला: पातं उलटं फिरवायचं आणि प्रतिस्पर्ध्याच्या मानेवर उतरवायचं.

"आता सलग," ते म्हणाले. "ओगावारा, समोर ये."

ओगावारा चाल करून आला. पहिला अर्धा भाग त्याने डोळे मिटूनही केला असता, इतक्या सहज केला. पातं फिरलं, आणि तो अडला. कुठल्या बाजूला सरायचं हे त्याच्या पायांना कळेना. तो नेमका वाराखाली सरकला आणि डॉक्टरांनी त्याच्या मानेपासून बोटभर अंतरावर तलवार थांबवली.

ओगावारा चाळीस वर्षं या घरात शिकत होता.

"गुडघा रे," तो हसत म्हणाला. "वय झालं."

त्याचे गुडघे डॉक्टरांनी याच महिन्यात तपासले होते. ते ठणठणीत होते.

"छान," इसोगाई म्हणाले. "आता हा तुमचा झाला."

फुमिएने बार्लीच्या चहाचे पेले आणून ठेवले. ती कुणाकडेच बघत नव्हती. डॉक्टर गुडघ्यांवर बसले, तळवे जमिनीवर टेकवले आणि रिवाजाप्रमाणे कपाळ खाली नेऊन गुरूंचे आभार मानले. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ते तसेच वाकून राहिले.

मग उठून त्यांनी तलवार उचलली.

"चल, पुन्हा करू," ते ओगावाराला म्हणाले. "तुलाही हा जमायला हवा. माझ्यासाठी."