लाईट आल्याबरोबर

गोविंदानं पहिली थप्पड मारली तेव्हा फहीमचा चष्मा उडून टेबलावरच्या सर्किट बोर्डांत पडला. दुसरीला ओठ फाटला. फहीमनं हात वर केला नाही. कुठल्या तोंडानं करणार?

"माह्या भावाची बोटं गेली बे," गोविंदा म्हणाला. "तुह्या मशीननं त्याले काऊन दाबलं, ते सांग."

मोताळ्याजवळच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी दाबायचं प्रेस होतं. त्याचा कंट्रोल बोर्ड फहीमनं बनवलेला. लाईट गेली की आत हात घालून अडकलेला कापूस ओढायचा, ही तिथल्या सगळ्यांची खोड. लाईटच नाही तर मशीन काय करणार? गोविंदाच्या भावानं, गोकुळनंही तेच केलं. नेमकी लाईट आली अन् वरचा लोखंडी ठोकळा धाडकन खाली आला. बोटांचा पार चेंदा झाला. किंकाळी रस्त्यापर्यंत गेली म्हणे.

फहीमनं सगळं सांगून टाकलं. छोटी चिप असते, तिचा प्रोग्राम तिच्या पोटातच असतो. लाईट आली की ती लगेच कामाला लागते. मोठी चिप दहा कामं करते, पण दर वेळी लाईट आली की तिला प्रोग्राम बाहेरून वाचून घ्यावा लागतो. पापणी लवेपर्यंतच, पण तेवढा वेळ मशीन बेवारस, ठोकळा अडवायला कोणी नाही. जिनिंगच्या मालकाला मोबाइलवर गाठींचा हिशेब दिसायला हवा होता अन् फहीमला मोठ्या चिपची भारी हौस, म्हणून तीच बसवली. दुकानात महिनाभर चालवून पाहिली, एकदाही चुकली नाही. चुकणार कशी? दुकानात इन्व्हर्टर होता, तिथं लाईट कधी गेलीच नव्हती.

गोविंदानं ऐकून घेतलं अन् वरून एक लाथ घातली.

"छोटी चिप लावून देतो," फहीम रक्त पुसत म्हणाला.

"लाव. अन् आत हात तूच घाल. खटका मी दाबतो."

आठवड्यानं प्रेसवर नवा बोर्ड बसला. फहीमनं ठोकळ्याखाली उजवा हात ठेवला, ज्या हातानं तो बोर्डावर कथलाचे डाग द्यायचा तोच. गोविंदानं मेन स्विच पाडला, चढवला. ठोकळा हलला नाही. पुन्हा पाडला, पुन्हा चढवला. राग काही उतरेना, खटके आपटतच राहिला.

तेवढ्यात खरोखरची लाईट गेली.

"काढ आता हात," गोविंदा म्हणाला. त्याचाच आवाज चिरकला होता.

"लाईट येऊ दे."

बऱ्याच वेळानं लाईट आली. ठोकळा जागच्या जागी राहिला.

गोकुळ पट्टीतला हात छातीशी धरून दारात उभा होता. तो जवळ आला आणि डाव्या हातानं फहीमच्या बाहीला चिकटलेला कापूस काढू लागला.